नवे यंत्र, जुने दप्तर

वाचकहो, २०११ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस विजा घेऊन आला आणि आमच्या घराजवळच्या खांबावर वीज कोसळली. दिवे गेले, ते तासाभराने आले. पण टेबलावरचा संगणक काही उठेना. गावात संगणक दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. तो दुसऱ्या दिवशी आला, पेटी उघडून पाहिली आणि म्हणाला, "सर, मदरबोर्ड गेला. या जातीचा आता मिळायचा नाही. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी मेमरी टाकू. डिस्क मात्र जुनीच चालेल." मी हो म्हणालो. डिस्क शाबूत आहे म्हणजे माझे लिखाण शाबूत आहे, एवढ्यावर माझे समाधान झाले.

नवे भाग बसले. बटण दाबले. पडद्यावर नेहमीचे चिन्ह क्षणभर दिसले, मग सारा पडदा निळा झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटली, आणि यंत्र आपले आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. असे पाच-सहा वेळा झाले. तेव्हा तो मुलगा म्हणाला, "सर, सिस्टीम नव्यानं टाकावी लागेल. सगळं उडवू का?" मी म्हणालो, "उडव." 'सगळं' या शब्दात काय काय येते हे त्याने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

त्या 'सगळ्या'त अठरा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी होत्या. कॉलेजात नोकरीला लागल्यावर २००६ आणि २००७ च्या उन्हाळी सुट्ट्यांत मी आसपासच्या गावांतून फिरलो होतो आणि १९७२ च्या दुष्काळाच्या हकिकती लिहून घेतल्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसे, पोरांना सुकडीवर जगवलेल्या बाया, दावणीची जनावरे मिळेल त्या किमतीला विकलेले शेतकरी; त्यांनी ओट्यावर बसून सांगितलेले ते शब्द होते. मी ते संगणकावर टंकून काढले, आणि आता सांगावयास लाज वाटते, टंकून झाले म्हणून मूळ वह्या रद्दीत घातल्या. इतिहासाचा एम. ए. झालेल्या माणसाने हे केले! अठरांपैकी अकरा हकिकती त्या दिवशी गेल्या. उरलेल्या सातांचे काय झाले ते पुढे सांगेन.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने विचारले होते. पण मनात एक प्रश्न मात्र राहिला. विहिरीवरचा पंप बदलला म्हणून विहिरीतले पाणी आटत नाही. मग यंत्राचे भाग बदलले तर माझे कागद का जावेत? इतिहासाच्या माणसाला कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही. ते शोधताना जी हकिकत हाती लागली ती आज आपणांपुढे ठेवतो. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना तिचा उपयोग होईल असे वाटते.

आरंभीच तीन गोष्टी वेगवेगळ्या करून ठेवू. पहिली गोष्ट म्हणजे यंत्र: पेटीतले बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ज्यांना हात लावता येतो ते भाग. दुसरी गोष्ट म्हणजे त्या यंत्राचा कारभारी. इंग्रजीत त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आपल्याकडे कार्यप्रणाली असाही शब्द आहे. विंडोज, लिनक्स ही त्यांतली काही नावे. कळफलकावर दाबलेले अक्षर कोठे पोचवावयाचे, डिस्कवर जागा कोणाला द्यावयाची, छपाईयंत्राकडे काय धाडावयाचे, हे सारे तो पाहतो. तिसरी गोष्ट म्हणजे आपले दप्तर: गुणपत्रके, हजेऱ्या, पत्रे, छायाचित्रे. वाडा, कारभारी आणि दप्तर असे म्हणा ना. संगणकाचा इतिहास पुष्कळ अंशी या तिघांना एकमेकांपासून सुटे करण्याचा इतिहास आहे, आणि यंत्र बदलताना होणारा सारा घोटाळा ते पुरते सुटे न झाल्यामुळे होतो.

मुळात कारभारी नव्हताच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेले एनियाक हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांना दाखवण्यात आले. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा व्हॉल्व्ह, होत्या. या यंत्राला गणित सांगावयाचे म्हणजे तारा एका जागेच्या उपसून दुसऱ्या जागी खोचावयाच्या आणि बटणे फिरवावयाची. हे काम ज्या सहा तरुणींकडे होते, त्यांची नावे पुष्कळ वर्षे कोणी घेत नसे. आज मात्र जगातल्या पहिल्या प्रोग्रॅमरांत त्यांची गणना होते. एक गणित बदलून दुसरे मांडावयास त्यांना कित्येक दिवस लागत. येथे यंत्र आणि त्याला दिलेली आज्ञा या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. आज्ञा तारांतच होती. यंत्र मोडले की आज्ञाही मोडली.

पुढे आज्ञा यंत्राच्या स्मृतीत साठवून ठेवण्याची युक्ती निघाली आणि तारा उपसण्याचे काम संपले. परंतु नवी अडचण उभी राहिली. एकाचे गणित संपले की दुसऱ्याचे लावावयाचे, त्यासाठी माणसाने उठून फिती आणि पत्ते बदलावयाचे. आणि तेवढा वेळ लाखो डॉलरांचे यंत्र नुसते बसून राहावयाचे. म्हणून १९५६ मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. एक काम संपताच दुसरे आपोआप हाती घ्यावयाचे, एवढेच त्याचे मुख्य काम. जगातल्या पहिल्या कारभाऱ्यांत त्याचे नाव घेतात. लक्षात घ्या, हा कारभारी यंत्र बनवणाऱ्या कंपनीने दिला नाही. यंत्र वापरणाऱ्या लोकांनी गरजेपोटी तो घडवला.

पण हे सारे कारभारी आपापल्या वाड्याचेच. दुसऱ्या वाड्याची भाषा त्यांना येत नसे. आपल्या मुंबईतलेच उदाहरण घ्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांनी स्वतः एक संगणक बांधला. तो १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टीआयएफआरएसी, म्हणजे टिफ्रॅक, असे नामकरण केले. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले हे काम आपल्या देशाला भूषणावह होते. टिफ्रॅकच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० अंकांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ४० खुणांचा, असे. पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे कितीतरी अधिक शक्तीचे यंत्र आले. त्याचा शब्द ४८ अंकांचा, आणि त्याच्या आज्ञांची यादीही निराळी. टिफ्रॅकच्या भाषेत लिहिलेले गणित त्याला जसेच्या तसे कसे उमगावे? यंत्र बदलले की शिकलेले पुन्हा शिकावयाचे आणि लिहिलेले पुन्हा लिहावयाचे, हाच त्या काळी साऱ्या जगाचा रिवाज होता.

हा रिवाज मोडण्याचा मोठा प्रयत्न त्याच वर्षी झाला. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने सिस्टीम ३६० नावाचे यंत्रांचे एक कुटुंबच जाहीर केले. लहानापासून मोठ्यापर्यंत सहा नमुने होते. पण सर्वांना आज्ञा एकाच भाषेत द्यावयाच्या. लहान यंत्रावर आरंभ करा, धंदा वाढला की मोठे घ्या, तुमचे लिहिलेले वाया जाणार नाही, असे ते वचन होते. आज आपल्याला यात काही नवल वाटणार नाही. त्या काळी ही मोठी जोखीम होती. कंपनीने त्यासाठी सुमारे ५ अब्ज डॉलर पणाला लावले असे सांगतात.

परंतु जुन्या गिऱ्हाइकांचे काय? १९५९ मध्ये निघालेल्या १४०१ या यंत्राची हजारो नग कारखान्यांत आणि कचेऱ्यांत चालू होती. पगारपत्रके, विम्याचे हिशेब, मालाच्या याद्या, सारे त्याच्या भाषेत. ते सोडून कोण येणार? तेव्हा युक्ती अशी काढली की नव्या कुटुंबातल्या लहान यंत्राने हवे तेव्हा जुन्या १४०१ चे सोंग घ्यावे. आतल्या आत सोंग, बाहेरून जुना प्रोग्रॅम निर्धास्त चालू. मौज अशी की ही युक्ती अजून चालते. ॲपल कंपनीने २०२० मध्ये आपल्या संगणकांचा प्रोसेसर समूळ बदलला, तेव्हा जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून नव्या यंत्रात दुभाष्याची सोय ठेवलीच.

सिस्टीम ३६० चा कारभारी मात्र वेळेवर तयार झाला नाही. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे १९७५ मध्ये आपला अनुभव पुस्तकरूपाने लिहिला. त्यांचा मुख्य निष्कर्ष आपल्या शेतकऱ्यांना सहज पटेल: उशीर झालेल्या अशा कामावर आणखी माणसे लावली की उशीर वाढतोच. कारण नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो. वाडा बांधणे सोपे, कारभारी घडवणे अवघड, हे तेव्हा प्रथम जगाच्या ध्यानात आले.

येथवर कारभारी एका कुटुंबातल्या यंत्रांपुरता मोकळा झाला. एका कंपनीचे यंत्र सोडून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर त्याने जावे, ही पुढची पायरी. ती अमेरिकेतल्याच बेल प्रयोगशाळेत घडली. केन टॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये तेथे पडून असलेल्या पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर एक नवा कारभारी लिहिला. त्याचे नाव युनिक्स. लवकरच पीडीपी-११ हे नवे यंत्र आले आणि युनिक्स त्यासाठी पुन्हा लिहावा लागला. ही पुनरुक्ती किती दिवस करावयाची? टॉम्प्सन यांचे सहकारी डेनिस रिची यांनी सी नावाची भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा बहुतेक भाग त्या भाषेत लिहून काढण्यात आला. सी ही कोणा एका यंत्राची भाषा नव्हे. नव्या यंत्रासाठी तिचा अनुवादक तेवढा करावा, म्हणजे बाकीचे थोड्या फेरफाराने चालते. आणि खरोखरच १९७७-७८ च्या सुमारास इंटरडेटा कंपनीच्या अगदी निराळ्या यंत्रांवर युनिक्स चालू झाला. एकदा बेल प्रयोगशाळेत आणि स्वतंत्रपणे ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठात. कारभारी पहिल्यांदाच वाडा सोडून परक्या गावी रुजू झाला.

आता आपल्या टेबलावरच्या संगणकाकडे वळू. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी निघाला. त्याचे भाग निरनिराळ्या कंपन्यांचे होते, आणि लवकरच तशीच यंत्रे इतरही बनवू लागले. याचा मोठा फायदा असा झाला की भाग स्वस्त झाले आणि कोणताही भाग काढून दुसरा घालता येऊ लागला. नालासाठी घोडा विकावा लागेना. पण कारभाऱ्यावर संकट आले. बोर्ड एकाचा, पडद्याचे कार्ड दुसऱ्याचे, डिस्क तिसऱ्याची. प्रत्येकाची बोली निराळी. कारभाऱ्याने किती बोली शिकाव्यात?

यावरचा तोडगा म्हणजे ड्रायव्हर. हा मोटारीचा ड्रायव्हर नव्हे. दरबारातला दुभाष्या समजा. प्रत्येक भाग बनवणाऱ्याने आपल्या भागाबरोबर एक लहान प्रोग्रॅम द्यावयाचा, तो कारभाऱ्याला त्या भागाची बोली समजावून सांगतो. १९९३ मध्ये निघालेल्या विंडोज एनटी या प्रणालीत तर यंत्र आणि कारभारी यांच्यामध्ये असा एक स्वतंत्र थरच ठेवला होता. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली, तिने नवा भाग जोडताच ओळखावयाचा, अशी सोय आणली.

माझ्या निळ्या पडद्याचे कारण येथेच सापडते. त्या काळची प्रणाली डिस्कवर प्रथम बसवताना घराची पाहणी करी. कोणता बोर्ड आहे, डिस्क कोणत्या मार्गाने जोडली आहे हे पाही, आणि त्यांचे दुभाषी कामावर ठेवी. बाकीच्यांना कामावर घेत नसे. पुढे बोर्डच बदलला म्हणजे डिस्ककडे जाण्याचा मार्ग बदलला. कारभारी उठतो, दप्तराच्या खोलीकडे जातो, पण त्या नव्या दाराची किल्ली त्याच्याजवळ नसते. तो स्वतःच त्या खोलीत राहणारा! मग काम थांबवून निळा पडदा दाखवण्याखेरीज त्याला मार्ग राहत नाही. माझे कागद त्या वेळी डिस्कवर जसेच्या तसे सुखरूप होते. ते गेले निळ्या पडद्यामुळे नव्हे, तर त्यानंतर आम्ही दोघांनी घाईने केलेल्या साफसफाईमुळे.

यातली हळहळ वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. विंडोज एक्सपी ही प्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. तिच्यात आणि तिच्यासारख्या इतर प्रणालींत दुरुस्तीची एक वाट होती: कारभारी तेवढा नव्याने बसवावयाचा, त्याने घराची पाहणी नव्याने करावयाची आणि दप्तराला हात लावावयाचा नाही. माझ्या यंत्रावरही ती वाट होती. आम्हा दोघांपैकी कोणालाही ती ठाऊक नव्हती.

एक्सपीबरोबर आणखी एक गोष्ट घरोघर आली, ती म्हणजे परवान्याची गाठ. प्रणाली यंत्रातल्या निरनिराळ्या भागांच्या खुणा एकत्र करून कंपनीकडे नोंद करी. पुष्कळ भाग बदलले की हे यंत्र नवेच आहे असे धरून ती पुन्हा मंजुरी मागे. यंत्राबरोबर आलेला परवाना तर बहुधा त्या मदरबोर्डाशीच बांधलेला असतो. बोर्ड गेला की परवानाही गेला. येथे एक जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. बैलगाडीची दोन्ही चाके बदलली, मग साटी बदलली, मग जू बदलले. तर गाडी तीच की दुसरी? गाडीवान म्हणेल तीच. कंपनी म्हणेल दुसरी. पुढे २०१६ मध्ये विंडोज १० मध्ये परवाना माणसाच्या खात्याशी जोडण्याची आणि भाग बदलल्यावर तसे कळवण्याची सोय झाली, तेव्हा गाडीवानाचे म्हणणे काही अंशी मान्य झाले.

लिनक्सची वाट थोडी निराळी. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ती सुरू केली, आणि आरंभी तीही एकाच जातीच्या प्रोसेसरला बांधलेली होती. पुढे जगभरच्या लोकांनी तिच्यात भर घातली. तिचे बहुतेक दुभाषी तिच्याबरोबरच येतात. म्हणून तिची डिस्क एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातली तर पुष्कळदा ती मुकाट्याने चालू लागते. आता विंडोजही नव्या बोर्डावर बरेचदा स्वतःच सावरते. तथापि बोर्ड आणि प्रोसेसर बदलल्यावर जुन्या दुभाष्यांची गर्दी राहू नये म्हणून प्रणाली नव्याने बसवणे जाणकार अजून पसंत करतात.

आता उरलेल्या सात हकिकतींकडे येतो. त्या मी एका मित्राला वाचावयास देण्यासाठी सीडीवर घातल्या होत्या. त्याच्याकडून सीडी परत आणली, मोठ्या आशेने यंत्रात घातली. फाइली उघडल्या. आणि पडद्यावर काय दिसावे? इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस, चिन्हे यांचा नुसता काला. एक शब्द म्हणून लागेना.

कारण साधे होते. त्या काळी आपण मराठी टंकत असू ते निरनिराळ्या फॉन्टांत. संगणकाच्या लेखी मराठी अक्षरांना ठरलेली जागाच त्यांत नसे. इंग्रजी अक्षरांच्या घरात फॉन्ट बनवणारा आपल्या मर्जीप्रमाणे मराठी अक्षरे बसवी. एकाच्या घरात 'क', दुसऱ्याच्या त्याच घरात काना. फॉन्ट असेतो सारे ठीक. फॉन्ट गेला की अर्थ गेला. नव्या प्रणालीबरोबर माझा जुना फॉन्ट कोणी बसवला नव्हता, कारण तो दप्तराचा भाग आहे हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा असू नये. १८१८ मध्ये पेशवाई गेली, राज्य बदलले. पण पुण्याचे पेशवे दप्तर राहिले. रुमालांत बांधलेले ते कागद शाबूत आहेत. मात्र ते मोडी लिपीत आहेत. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या काही वर्षांत त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले, म्हणून ते सामान्य अभ्यासकापर्यंत पोचले. न छापलेला कागद आज मोडी जाणणाऱ्या थोड्या माणसांची वाट पाहत पडून आहे. कागद जपला आणि लिपी हरवली, तर अर्धेच जपले.

माझी मोडी वाचणारा माणूस तालुक्याच्या एका छापखान्यात भेटला. लग्नपत्रिका छापण्यासाठी त्याने जुना संगणक जुन्या फॉन्टांसह तसाच ठेवला होता. त्याने फाइली उघडल्या, आणि एकेक करून सातही माणसे बोलू लागली. त्यांतल्या एका आजींनी परदेशी लाल मिलोच्या भाकरीविषयी सांगितले होते, की ती थंड झाली की पोरे रडायची, म्हणून त्या तव्यावरून थेट पोरांच्या हातात देत. त्या आजी २००९ सालीच गेल्या होत्या. सिस्टीम, बोर्ड, फॉन्ट या साऱ्या धडपडीचे मोल मला त्या ओळीपाशी कळले. गेलेल्या अकरांपैकी तिघे तेव्हा हयात होते. त्यांच्याकडे पुन्हा गेलो. दोघांनी पुन्हा सांगितले, पण पहिल्यासारखे नाही. तिसऱ्यांनी मला ओळखलेच नाही.

त्या सात हकिकती आता युनिकोडमध्ये आहेत. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांसाठी ठरवलेली सामायिक क्रमवारी. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात देवनागरी आहे. तिच्यात 'क' चा क्रमांक २३२५, मग यंत्र कोणाचे, कारभारी कोणता आणि फॉन्ट कोणता हे काही असो. अक्षर यंत्रापासून सुटे झाले, ही आपल्या मराठीच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची पायरी होय.

वाचकहो, हा प्रश्न आज पुन्हा अनेक शाळांच्या दारी आला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रातच असावी लागते. पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नाही. म्हणजे कोठे बोर्ड बदलेल, कोठे सारा संगणक बदलेल, कोठे जुन्या यंत्रावर लिनक्स बसेल. काहीही करा, पण पेटी उघडण्यापूर्वी चार कामे करा.

पहिले, दप्तराची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि एक नक्कल दुसऱ्या इमारतीत ठेवा. वीज एका छपरावर पडते, दोन छपरांवर सहसा नाही. आणि नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे. दुसरे, आजच्या अनेक यंत्रांत डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि मदरबोर्ड बदलला की प्रणाली त्या कुलपाची लांबलचक किल्ली मागते. ती किल्ली, खात्याचे नाव आणि परवान्याचा क्रमांक आधीच कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. तिसरे, कोणते प्रोग्रॅम, कोणते फॉन्ट, कोणते छपाईयंत्र वापरता त्याची यादी करा, आणि जुन्या फॉन्टांतले मराठी लिखाण आजच युनिकोडमध्ये आणून घ्या. चौथे, दुरुस्ती करणाऱ्या मुलाने विचारले, "सगळं उडवू का?" तर लगेच हो म्हणू नका. त्याला चहा द्या, बसवा आणि विचारा, "सगळं म्हणजे काय काय रे बाबा?"

यंत्र बदलणारच. १९४६ पासून ते बदलत आले आहे. कारभारीही बदलेल, आणि तो नव्याने बसवावा लागला तर त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. ते एका दुपारचे काम आहे. पण दप्तर सांभाळणे हे ना यंत्राचे काम आहे ना कारभाऱ्याचे. ते ज्याचे दप्तर त्याचेच काम. आपल्या शाळेच्या संगणकात आज कोणाकोणाचे शब्द साठवले आहेत, ते उद्या सकाळी एकदा पाहून घ्या.